ओउमाच्या आवाजाचा उरलेला तुकडा

३ ऑगस्ट १९८५, शनि.
किसुमूहून पत्र. ओउमाची बहीण ग्रेस. इंग्रजीत, अक्षर त्याच्यासारखंच तिरकं.
ओउमा जाऊन सहा महिने होतील. मरोळला आमच्या माडीवर दोन वर्षं भाड्याने, अंधेरीला कॉलेज. टीबी, उशिरा कळला. केनियाहून कुणाला येणं जमलं नाही, माती आम्हीच दिली.
ग्रेस लिहिते, आईला त्याचा आवाज ऐकायचाय. 'विन्सीच्या कॅसेटवर मी गायलोय' असं त्याने कळवलं होतं म्हणे. ती पाठव.
गायला होता खरंच. त्यांच्या तळ्यावरच्या कोळ्यांचं गाणं, गिटारवर मी.

४ ऑगस्ट, रवि.
चर्चमधली मिसा झाल्यावर कॅसेट शोधली. लावली. ब्रास बँड!
बहिणीचं, फिलूचं लग्न. उंबराचं पाणी, नवरीच्या अंघोळीचं, आणायला विहिरीवर निघालोय, बायका गातायत. मे महिन्यात घाईत कोरी कॅसेट मिळेना, मीच ही घेतली. वाटलं, त्याच्या रेकॉर्डवरून उतरवलेली गाणी असतील, परत उतरवू. गाण्यांची कॅसेट दुसरीच होती. ती शाबूत आहे.
वाट लागली. मीच पुसला त्याला.

८ ऑगस्ट, गुरु.
कामावर लक्ष नाही. घरी येऊन ती दुसरी ऐकली. तीन गिटारी एकमेकींत विणलेल्या. ओउमा सांगायचा, "गिटार काँगोची, ताल क्युबाचा. आणि क्युबाला ताल कुणी नेला? आमचीच माणसं, बोटीत साखळदंडात. परत आला तो रेकॉर्डवरून."
एक स्वाहिली गाणं तर चक्क हिंदी सिनेमाच्या चालीवर. माय म्हणालेली, "अरे, हे तर आपलं!"
"आता आमचं, माय."
सगळं आहे. तोच नाही.

११ ऑगस्ट, रवि.
फिलू वसईहून आली. तिला सांगितलं.
"हरवली म्हणून लिही ना. काय कळणार त्यांना?"
माय भडकली. "मेलेल्याच्या आईशी खोटं बोलतेस?"
मग तिघांनी बसून फिलूचं लग्न शेवटपर्यंत ऐकलं. बँड संपला, खट्ट झालं, आणि पुढे ओउमा! गाण्याचं शेपूट, जेमतेम एक ओळ. माझा सूर चुकतो, तो हसतो, खोकतो. "विन्सी, बंद कर ना यार." मराठीत. मायकडून शिकलेलं.
खोकला तेव्हाच होता. लक्ष दिलं नव्हतं कुणी.
फिलू डोळे पुसत म्हणाली, "हीच पाठव. कॉपी नको, खरखर येईल."
"आणि तुझं लग्न?"
"ते झालंय ना रे."

१४ ऑगस्ट, बुध.
चार पत्रं फाडली. पाचव्यात सरळ लिहिलं: गाणं माझ्या हातून पुसलं गेलं, शेवटी थोडा आवाज उरलाय, माफ करा. दोन्ही कॅसेट रजिस्टर्ड केल्या. पोस्टातला म्हणाला, "आफ्रिका? महिना तर लागेलच."

२७ सप्टें., शुक्र.
काही नाही. माय रोज विचारायची, पत्र आलं का. आता विचारत नाही.

२ नोव्हें., शनि.
मेलेल्यांचा सण. ओउमाच्या मातीवर फुलं, मेणबत्त्या. वाऱ्याने दोनदा विझल्या.
घरी आलो तर ग्रेसचं पत्र.
कॅसेट पोचली. गाणं गेल्याचं आईला सांगितलं. रोज लावते. लग्नाचा बँड ऐकायला शेजारी जमतात, बायका नाचतात, आई शेवटाची वाट बघत बसते. तो आला की सगळे गप्प.
'शेवटी तो काय म्हणतो? इथे ती भाषा कुणाला येत नाही. आईला वाटतं, तिच्यासाठी निरोप आहे. काय ते कळव.'
मायला वाचून दाखवलं. म्हटलं, "काय लिहू? बंद कर, म्हणून?"
माय मग भात उतरवायला उठली.
पॅड घेतलंय. 'प्रिय ग्रेस' एवढंच लिहिलंय.