दर दहावं पान

२ फेब्रुवारी, शनिवार
संकल्प: एक वाद या महिन्यात कायमचा निकालात काढणार. आमचा शनिवारचा खेळ, म्हणजे टेबलाभोवती बसायचं, फासे टाकायचे, प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं आणि गेम मास्टरने गोष्ट पुढे न्यायची. गेम मास्टर मी, अकरा वर्षं. हा खेळ मूळ कंपनीच्याच पुस्तकांवर खेळावा, की बाहेरच्यांनी लिहिलेलीही चालतील? आमच्यातली दातांची डॉक्टर आणि पीटी मास्तर बाहेरच्यांवर फिदा. मी पंप कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर. मोजून ठरवणार.

३ फेब्रुवारी, रविवार
धाकट्या भावाने स्वतःच पुस्तक लिहिलंय. बुडालेल्या शहराची मोहीम, चौसष्ट पानं, चार प्रती. त्याची बायको गेल्यापासून दीड वर्ष तो वरच्या खोलीतून फक्त जेवायला खाली येतो. आज आपणहून आला, दाढी करून. म्हणाला, दादा, येत्या शनिवारी हे खेळवशील का, मीही बसेन. आमची ही स्वयंपाकघरात जाऊन रडली. मीही उगाच चष्मा पुसला. म्हणूनच ठरवलं, भाऊ म्हणून सवलत द्यायची नाही.

६ फेब्रुवारी, बुधवार
तक्ता तयार. पद्धत कारखान्यातलीच: सगळा माल तपासायचा नसतो, नमुने काढायचे. दर दहावं पान.
मूळ कंपनी: जाड पुठ्ठा, शिवलेली बांधणी, सूची, राक्षसांची ताकद तोलूनमापून. चार पानांत होईल ते चाळीस पानांत सांगतात, पण तो भारदस्तपणा. सोबत चौदा पानी शुद्धिपत्रक. प्रामाणिकपणाचे अधिक पाच.
बाहेरचे: कल्पना भन्नाट, पण कल्पनेला रकाना नाही. राक्षस एकतर पहिल्या फटक्यात मरतात नाहीतर सगळ्यांना मारतात.
धाकटा: पान ३०, एक ओळ दोनदा छापलीय. निष्काळजीपणा, वजा पाच. पान ४०, शेवटचा राक्षस. हिट पॉइंट, म्हणजे तो किती मार सोसेल तो आकडा, लिहिलेलाच नाही. गंभीर दोष. ही म्हणाली, पुढच्या पानावर खुलासा असेल की. पान ४१ नमुन्यात येत नाही, असं तिला समजावलं.

९ फेब्रुवारी, शनिवार, सायं. ७
सगळे जमले. धाकटा इस्त्रीचा शर्ट घालून बसला. खेळाआधी मी अहवाल वाचून दाखवला. मूळ कंपनी ८१, धाकटा ३८. सवयीने प्रतीवर 'नापास'चा शिक्काही मारला होता. डॉक्टर म्हणाली, आधी खेळून तर बघू. मी म्हटलं, नापास माल लाइनवर चढवत नाहीत. धाकटा म्हणाला, बरोबर आहे तुझं, दादा. आणि वर गेला. टीका किती मोकळेपणाने घेतली पोराने. मग आम्ही कंपनीची मोहीम काढली, तर पीटी मास्तरला अचानक काम आठवलं.

१२ फेब्रुवारी, मंगळवार
तीन दिवस धाकटा जेवायला उतरला नाही. सुधारित आवृत्तीवर बसला असणार. ही ताट वर नेते, तसंच परत आणते. मदत म्हणून बावीस दुरुस्त्यांची यादी त्याच्या दाराखालून सरकवली. ही माझ्याशी बोलत नाहीये. कारण कळत नाही.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार
ताई गाडी घेऊन आली आणि धाकट्याला आपल्या घरी घेऊन गेली. हवापालट चांगलाच. माझ्याशी बोलताना तिने खांद्यावरची पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. वर जाऊन पाहिलं. तीन प्रती फाडून टोपलीत टाकलेल्या. कॉम्प्युटरवरूनही काढून टाकलंय म्हणे. उरली ती माझ्याकडची, शिक्क्यासकट.

१६ फेब्रुवारी, शनिवार
टेबल मांडून बसलो. कोणी आलं नाही. रिकामा वेळ होता म्हणून धाकट्याचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं.
पान ४१. याला मारता येत नाही, म्हणून आकडा नाही. सगळ्यांनी त्याच्या शेजारी बसावं. ज्याचं माणूस गेलंय त्याने त्या माणसाबद्दल बोलावं, जमेल तेवढं. बाकीच्यांनी ऐकावं. मग दार उघडतं. खाली बारीक अक्षरात: हा प्रसंग आमच्या दादासारख्या गेम मास्टरनेच खेळवावा. त्याला ऐकून घेता येतं.
हे पान मी किती वेळा वाचलं, मोजलं नाही.
ताईकडे फोन केला. म्हटलं, धाकट्याला दे. ती म्हणाली, तो नाही येत फोनवर. मग तूच सांग, म्हटलं, माझी तपासणी चुकली, मी गुण वाढवून देतो. किती हवेत ते विचार त्याला. ताई म्हणाली, अरे, तो आता काहीच मागत नाहीये.
मी म्हटलं, बरं.