चौथी पायरी

प्रिय ठमे,

त्या मंगळवारी सकाळी मी काय केलं ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं. देवापुढे हात जोडून दुकान उघडलं, शिडी आडवी टाकली आणि तिच्या चौथ्या पायरीला पडलेली भेग बुजवली. भुशात सरस कालवला, भेगेत दाबून भरला, घासला, वरून गडद पॉलिशचा हात दिला. फ्रेमचा कोपरा उकलला की मी हेच करतो. तू लहानपणी शेजारी बसून शंभरदा पाहिलं आहेस. भेग कुठे होती ते मलाही सापडेना. तुझे आजोबा असते तर त्यांनी शिडी चुलीत घातली असती. फ्रेम भिंतीवर लटकते, शिडीवर माणूस लटकतो, हे त्यांचं बोलणं मला तोंडपाठ आहे. पण नवी पायरी बसवायला अर्धा दिवस गेला असता, आणि एका लग्नाचे फोटो दुपारपर्यंत मढवून द्यायचे होते.

दहाच्या सुमारास तुझे पेंटरकाका शिडी न्यायला आले. त्यांची स्वतःची शिडी ठेंगणी, त्यामुळे उंचावरची पाटी रंगवायची असली की माझीच न्यायचे, हे तुला माहीत आहे. चकचकीत पायरी पाहून म्हणाले, शिडीचंही लग्न ठरलं की काय, एवढी नटवलीस ती. माझ्या एका हातात काच, दुसऱ्यात हातोडी आणि ओठांत चार खिळे. मी नुसता हसलो. चौथ्या पायरीवर पाय देऊ नकोस, एवढंच सांगायचं होतं. खिळे काढेपर्यंत ते शिडी खांद्यावर टाकून कोपऱ्यावरून वळले होते. धावत गेलो असतो तर पन्नास पावलं होती. म्हटलं, जाऊ दे, संध्याकाळी सांगू.

दुपारी औषधांच्या दुकानाची पाटी रंगवताना ते पडले, आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. लोक म्हणाले, ऊन लागलं, उपाशी होता, चक्कर आली असेल. पायरी मोडलेली सगळ्यांना दिसली, पण ती पडतानाच मोडली असं सगळ्यांनी धरलं, आणि मी धरू दिलं. शिडी दुकानामागे फळ्यांच्या आड ठेवली. त्यानंतर प्रार्थनेला बसलो की शब्द फुटायचे नाहीत. ओठांत अजून खिळे धरलेत असं वाटायचं.

त्यांच्या मुलीची आई आधीच गेलेली. आठ वर्षांची पोर आणि गुडघ्यांनी अधू झालेली आजी, एवढंच घर उरलं. पोरीच्या शिक्षणासाठी गल्लीतल्या लोकांनी चित्रं काढून वाचनालयात विकायची, ही कल्पना चित्रकलेच्या बाईंची. ती अंगावर घेतली मी. दारोदार फिरलो. ज्यांनी शाळेनंतर ब्रश धरला नव्हता त्यांनाही बसवलं. पोस्टमनने डोंगर काढला, तो बसलेल्या म्हशीसारखा दिसतो. न्हाव्याने स्वतःचं चित्र काढून त्यात डोक्यावर भरपूर केस दिले. बाई म्हणाल्या, निदान कागदावर तरी उगवू देत. त्रेचाळीस चित्रं मी फुकट मढवली, आणि प्रत्येक कोपऱ्यात लाकडी खुंटी मारली. फ्रेमवर माणूस उभा राहिला तरी निखळणार नाही इतकी ती पक्की केली. हात कुठलं काम करत होते ते मला कळत होतं. रस्त्यात लोक थांबवून म्हणायचे, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून जग चाललंय. मी मान खाली घालायचो, आणि तेही लोकांना विनय वाटायचं.

प्रदर्शनाच्या तीन दिवस आधी पोर स्वतःचं चित्र घेऊन आली. शिडीवर बाबा, हातात ब्रश, वर सूर्य. शिडीला सात पायऱ्या, बरोबर मोजलेल्या, आणि चौथी बाकीच्यांपेक्षा काळपट. मी काही विचारलं नव्हतं, तीच बोट ठेवून म्हणाली, "ही दुसऱ्या रंगाची होती. रंगाचे डबे घ्यायला बाबा घरी आले तेव्हा मी हात लावला, तर बोटाला चिकटलं. मी म्हटलं, ही ओली आहे. बाबा म्हणाले, काकांनी केलीय ना, मग पक्कीच असणार." फ्रेम उद्या देतो म्हणून मी तिला घरी पाठवलं, आणि ते चित्र त्याच फळ्यांच्या आड, शिडीपाशी लपवलं. वाचनालयात तिच्यासाठी ठोकलेला खिळा रिकामा राहिला. बाईंनी विचारलं तेव्हा काच फुटली असं सांगितलं. दोन दिवस त्या खिळ्याखालून जाताना माझी मान वर होत नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी, प्रदर्शन उघडायच्या आधी, चित्र घेऊन तिच्या आजीकडे गेलो. स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी गॅस बंद केला आणि ओट्याला धरून माझ्याकडे पाठ केली. मला वाटलं, हाकलतील. त्या म्हणाल्या, "मला नंतर सांगितलं असतंस तरी चाललं असतं. आधी तिला सांग. पायरी ओली आहे हे ठाऊक असून आपण बाबाला जाऊ दिलं, असं ती रोज झोपताना म्हणते." ठमे, मी माझं नाव वाचवत होतो आणि माझं ओझं आठ वर्षांच्या पोरीने उचललं होतं. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सांगितलं: चूक माझी, तुझी नाही, तू तर बरोबर ओळखलं होतंस. तिने विचारलं, मग तुम्ही का नाही सांगितलंत? मी म्हणालो, तोंडात खिळे होते. ती माझ्या ओठांकडे बघत राहिली, मग उठून आत गेली. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

तुझं चित्र कालच्या टपालाने आलं, म्हणून हे लिहितो आहे. फ्रेम जोडणारे माझे हात, आणि खाली तुझ्या अक्षरात, 'ज्यांच्यावर विसंबावं असे'. वसतिगृहात सगळ्यांना माझ्याबद्दल सांगतेस असंही लिहिलं आहेस. तू घरी येशील तेव्हा गल्ली तुला वेगळंच सांगेल. ते आधी माझ्याकडून कळावं. प्रदर्शनाच्या त्याच दिवशी वाचनालयात मी सर्वांसमोर हे सगळं बोललो, पोरीचं चित्र तिच्या खिळ्यावर लावलं आणि प्रदर्शन बाईंच्या हाती सोपवून बाहेर पडलो. काहींनी माझ्या फ्रेममधून आपली चित्रं काढून घेतली आणि नुसती टाचणीने लावली, त्यांचं बरोबरच आहे. माझी बाजू घेऊन कुणाशी भांडू नकोस. तुझ्या चित्राला मी फ्रेम केलेली नाही. खालची ओळ ठेवायची की खोडायची, ते तू ठरव. आज सकाळी देवापुढे उभा राहिलो, मग ती शिडी खांद्यावर घेऊन पोलीस चौकीत गेलो, मोडकी पायरी टेबलावर ठेवली आणि जबाब लिहून सही केली.

तुझाच,
बाबा