शून्यावरचा चेहरा

३ मार्च, सोमवार
मामा म्हणतात, "कॉलेज सोडलंस तसं हे दुकान सोडू नकोस. तुला सोडायला तिसरं काही उरलेलं नाही." ऐकून घेतलं. प्राध्यापकांचंही असंच ऐकून घेतलं असतं तर आज शेवटच्या वर्षाला असतो.

दुकानांच्या पाट्या करायचं काम मात्र मजेचं आहे. पाटीवर काय हवं ते गिऱ्हाईक सांगतं, मी शब्दांत लिहितो, कॉम्प्युटर चार चित्रं काढून देतो. खाली विविधतेचा आकडा असतो. शून्यावर ठेवला की चारही चित्रं जुळ्या बहिणींसारखी. शंभरावर नेला की धरबंध नाही — आज शिंप्यासाठी कोट घातलेली बाई मागितली, तर कोट घातलेली बकरी आली. मामा म्हणाले, "कोट हिलाच बरा बसलाय."

५ मार्च
समोरच्या चष्म्याच्या दुकानातली ती शटर उघडताना हसली. माझ्याकडे बघून की शटरकडे, सांगता येत नाही.

६ मार्च
दंतवैद्यांना हसरी बाई हवी होती. लिहिलं — कुरळे केस, हनुवटीवर तीळ, एका गालानं हसणारी. आकडा शून्य. आणि आली! समोरून उठून आल्यासारखी. चित्राचा नंबर जपून ठेवलाय. तो नंबर आणि चेहऱ्याचे तेच शब्द दिले की दरवेळी तीच येते.

११ मार्च
शिंप्याच्या पाटीवर ती, कोटात. मोटार शिकवणाऱ्यांच्या पाटीवर ती, स्टिअरिंग धरून. मोटारवाले म्हणाले, जरा वेगळी दाखव. म्हटलं, कॉम्प्युटर ऐकत नाही. "कॉम्प्युटर की तू?" माझं डोकं फिरलं, माऊस आपटला. ते गेल्यावर मामा एवढंच म्हणाले, "अख्ख्या रस्त्याला मिळून बाई एकच. बिचारी दमेल रे."

१४ मार्च
तिनं बघितलं. तडक दुकानात.

"दात माझे, कोट माझा, गाडी माझी. मला विचारलं कुणी?"

म्हटलं, कॉम्प्युटरनं काढलंय.

"त्याला माझा तीळ कुणी सांगितला?"

मामांना अचानक आत कागद मोजायचे आठवले. तिनं स्क्रीनवर बोट ठेवलं — हा आकडा कसला? सांगितलं, शून्य म्हणजे काही बदलत नाही.

"अस्सं. म्हणजे मी जन्मभर एका गालानं हसत उभी. आणि मला राग आला तर? आकडा अजून कमी करणार?"

"शून्याच्या खाली जात नाही," मी म्हणालो. माहिती म्हणून म्हणालो, देवाशपथ. तिला ती माहिती नको होती.

"पाट्या उतरव. तोवर माझ्याशी बोलायला येऊ नकोस."

बोलायला कधी गेलो होतो म्हणा.

१५ मार्च
सकाळी तेच शब्द घातले आणि आकडा ऐंशीवर नेला. एक साठीची, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. एक जांभई देणारी. एक कुणाला तरी हाका मारणारी. आणि एक संतापलेली — तीच सगळ्यांत तिच्यासारखी! बघत बसलो. इतके दिवस मी एका गालावर समाधान मानत होतो.

मग सगळी पुसली. जपलेला नंबरसुद्धा. ह्या संतापलेल्या चित्रासाठीही तिला विचारलं नव्हतंच ना.

मामांना सांगितलं, तिन्ही पाट्या नव्यानं करायच्यात. त्यांनी कपाळावर हात मारला. "गिऱ्हाइकांना तोंड तूच दाखव. तेवढं तरी तुझं स्वतःचं असेल."

दाखवलं. शिंपी बराच वेळ बोलला. मी उलटून एक शब्द बोललो नाही. घरी येऊन आईला सांगितलं तर तिनं कपाळाला हात लावून ताप बघितला.

१७ मार्च, सोमवार
दंतवैद्यांची पाटी उतरवायला चढलो. शिडी डुगडुगत होती, मग एकदम स्थिर झाली. खाली बघितलं — दोन्ही हातांनी शिडी धरून ती. कपाळावर आठ्या तशाच.

"खाली काय बघतोस, स्क्रू काढ. आपल्या अजून दोन राहिल्यात."