बाबा, त्या झाडाचं नाव मी सांगितलं

बाबा, माय कशी आहे? तिथे तरी तिला सलग झोप लागते का, की अजून उशीला टेकून खोकतच बसते? धाकट्या काकांचा पाय सरळ झाला का? आपल्या पांढऱ्या बैलाच्या खांद्याची जखम भरली का? आणि तुमची बोटं? उजव्या हाताची बोटं तुम्ही मोडकीच घेऊन गेलते. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, तरी वाडीत जाऊन वांगी तोडून आणते. अक्षर वाकडं वाटेल, पण ते माझं मीच शिकले, बाजारातल्या पाट्या वाचून. तुमची पणती, माझी नात, नागपूरला प्रयोगशाळेत काविळीच्या विषाणूवरचं औषध शोधते. तिच्यामुळेच आज लिहायला बसले.

दर रविवारी तुम्ही कोणाशी न बोलता वांग्याच्या वाफ्यात जायचे, एक झाड उपटायचे, खलात वाटून ताकात कालवायचे आणि कावीळ झालेल्याला उपाशीपोटी पाजायचे. पैसा घ्यायचा नाही आणि झाडाचं नाव सांगायचं नाही. नाव तोंडातून निघालं की गुण जातो, मरताना तेवढं एकाला सांगायचं, अशी आपल्या घरची रीत. मग मी लहान असताना एका वर्षी तुमचं औषध पिणारा शेजारच्या गल्लीतला जवान पोरगा रक्त ओकून मेला. त्याला जाळून आले आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्याचे दोघे भाऊ बैलबंडीच्या उभाऱ्या, ते जाड दांडके, उपसून आपल्या अंगणात शिरले. मायच्या मागून पाहिलेलं ते मला आजही तसंच दिसतं.

"बोल बुढ्या, काय पाजलं माह्या भावाले?"

"दवाई पाजली बापा."

"कायची?"

तुम्ही गप्प. पहिला फटका खांद्यावर बसतो, दुसरा कानावर. थोरला तुमचा हात खलावर दाबून धरतो आणि धाकटा बत्त्यानं बोटं ठेचतो. कपाशीची वाळली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज येतो. माय पदर पसरून म्हणते, "सांगून टाका ना जी." थोरला जमलेल्या गावाकडे वळतो, "पाहा, जहर होतं म्हणून नाई बोलत." गावाला ते पटतं. तुम्ही मायकडे पाहून एवढंच म्हणता, "दोन लेकरं अजून दवाई पेऊन राह्यली वो. त्यायचं काय?" मग उभारी डोक्यात बसते.

जाण्याआधी तुम्ही ते नाव माझ्या कानात सांगितलं. मला आधी हसूच फुटलं. बाया निंदताना जे उपटून धुऱ्यावर, बांधाकडेला, फेकतात ते झाड! आपल्या अंगणाच्या कडेलाही उगवलं होतं, त्या भावांच्या पायाखाली चिरडलं गेलं होतं. बकऱ्याही खातात ते. त्याला कोणी जहर म्हटलं नसतं. पण ती दोन्ही लेकरं वाचली, आणि तेवढ्यावर मी इतकी वर्षं धीर धरला, रविवारी तुमच्यासारखंच औषध दिलं.

मागच्या रविवारी पणती आली. मी खलापाशी होते. म्हणाली, "आजी, विषाणू म्हंजे दरोडेखोर. पेशीत घुसते, घरच्यायलेच राबवून आपल्यासारखे हजार बनवते, आन् घर फोडून बाहेर पडते." ते लोक झाडातले पदार्थ सुटे करून आजारी पेशींवर टाकून पाहतात. एखादा विषाणूला मारतो पण पेशीही जाळतो, तो फेकायचा. एखादा विषाणूला दारातच अडवतो पण पोटात टिकत नाही, मग त्याचा एखादा तुकडा बदलून त्याच्यासारखा दुसरा हातानं घडवायचा. बहुतेक तेही फसतं, म्हणाली. मग विचारलं, "पणजोबा कोणतं झाड देत होते वो?"

सांगितलं तर माझ्या हाताचा गुण जाणार. पण पोरगी त्याच दरोडेखोराशी झुंजते आहे, तिच्यापासून काय लपवायचं? जन्मात पहिल्यांदा मोठ्यानं बोलले, "भुईआवळा."

ती हसली नाही. "आजी, हे तर सगळ्यायले माहीत आहे. किती जण तपासून राह्यले. पक्कं काही निघालं नाई अजून."

"आन् ती दोन लेकरं?"

"कावीळ पुष्कळदा आपोआप बरी होते. ती तशीबी वाचली असती. त्या पोराले दुसरा विषाणू असन. त्याले त्या वेळी कोणीच वाचवू शकलं नसतं."

माझ्या हातातला बत्ता मी भिंतीवर फेकला. तिच्या कानाजवळून गेला, पोपडे तिच्या केसांत पडले. ती रडायला लागली तेव्हा भानावर आले. तिला पोटाशी धरून विचारत बसले, लागलं का माह्या पाखरा. काल डोळे पिवळे झालेलं लेकरू घेऊन एक बाई आली, तिला ऑटोत बसवून मीच दवाखान्यात नेलं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं मला ठाऊक नाही, डब्याखाली दडवून ठेवीन. त्या दोघा भावांना मी जन्मभर शिव्या दिल्या. थोरला मेला त्या दिवशी मी शिरा केला होता. पण आता राग त्यांचा येत नाही बाबा, तुमचा येतो. एका शब्दाचं काम होतं. तुम्ही दोन लेकरांसाठी गप्प राहिले हे खरं, पण एक लेकरू तिथेच मायच्या लुगड्यामागे उभं होतं. त्याचा विचार आला होता का, एवढंच लिहा. लवकर लिहजा, मले आता फार थांबता येनार नाई.