रुखवतातून परत आलेली पेटी

मी, वाल्मीक कारभारी गांगुर्डे, वय अडुसष्ट, धंदा मोटारसायकल दुरुस्ती, राहणार सावतानगर, सिडको, नाशिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं शाबूत आहे. शुगर थोडी आहे, पण ती डोक्यापर्यंत गेलेली नाही असं डॉक्टरांनी वेगळ्या कागदावर लिहून दिलं आहे, तो कागद सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. "अहो, अक्षर जरा लावून काढा," एवढं बायकोने सांगितलं, तो दबाव धरू नये. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कोणी जुना कागद काढून दाखवला तर तो त्याने घरीच केलेला आहे असं समजावं.

कलम १. सावतानगरचं राहतं घर माझ्या कमाईचं आहे, वडिलार्जित नाही. ते माझ्यामागे पत्नी सौ. उज्वला हिच्याकडे ती आहे तोवर पूर्णपणे राहील. तिच्यानंतर मुलगा रविराज आणि मुलगी सौ. निकिता यांना निम्मं निम्मं. आमच्या भावकीत बहिणीला साडीचोळी करून हक्कसोडपत्रावर सही घ्यायची पद्धत आहे. निकिताने साडी जरूर घ्यावी. सही देऊ नये.

कलम २. बँकेतल्या ठेवी आणि कपाटातलं सोनं उज्वलाचं. ती त्याचं काय करते हे मुलांनी विचारू नये. मी लग्न झाल्यापासून विचारतो आहे, अजून उत्तर आलेलं नाही.

कलम ३. त्रिमूर्ती चौकाजवळचं गॅरेज, शटर, कॉम्प्रेसर आणि भिंतीवर टांगलेली सगळी हत्यारं रविराजची. चांदवड तालुक्यातून मी नाशिकला आलो तेव्हा द्वारकेजवळच्या एका गॅरेजात रॉकेलमध्ये पार्ट धुवायचं काम मिळालं. मालक इंजिनाला हात लावू देत नसे, म्हणून मी कान लावायला शिकलो. गाडी लांबून येताना ऐकायची, वॉल्व्ह सैल की चेन घासते ते मनाशी ठरवायचं, आणि मालकाने उघडल्यावर खरं निघालं का ते मान वळवून बघायचं. माझं शिक्षण एवढंच. आता रविराजकडे बॅटरीच्या गाड्या येतात. त्यांना आवाजच नाही. त्यांनी माझे कान बेकार केले, पण पोराला कामाला लावलं, म्हणून तक्रार नाही.

कलम ४. माझा थोरला भाऊ सहादू याने माझा सतराचा रिंग पाना "उद्या देतो" म्हणून नेला. तो पाना त्यालाच दिला आहे, म्हणजे त्याला आता बांधावरून माझ्या घरच्यांना बघून वाट बदलावी लागणार नाही.

कलम ५. आता ज्यासाठी हा कागद लिहायला बसलो ते.

निकिता कॉलेजात असताना माझी मोटारसायकल चालवायची. तिच्या लग्नात उज्वलाने रुखवत मांडलं. साखरेचं तुळशीवृंदावन होतं, करंज्या होत्या, मण्यांचे मोर होते, पितळेची भांडी होती. त्यांच्या शेजारी मी पत्र्याची एक निळी पेटी ठेवली. मुलगी सासरी निघाली की बाप भांडी देतो. मला भांड्यांतलं कळत नाही, पान्यांतलं कळतं.

पेटी मी बाजारातून भरलेली आणली नव्हती. तसले संच चकचकीत असतात आणि त्यातलं निम्मं जन्मात लागत नाही. घरच्या घरी गाडी सांभाळायची तर आधी गाडीभोवती एक फेरी मारावी आणि तिला कुठले नट-बोल्ट आहेत ते बघावं. जे आहेत त्यांचेच पाने घ्यावेत, पण चांगल्या लोखंडाचे. म्हणून निकिताच्या पेटीत दहा, बारा आणि चौदाचे रिंग पाने आहेत, मागच्या चाकाच्या नटाचा मोठा पाना आहे, प्लग पाना आहे. दहाचा टी-पाना आहे, कारण बिघाड नेहमी हात पोचत नाही तिथेच होतो. पेचकस दोन, एक चपटा आणि एक चौफुलीचा. साधी पक्कड, चिमटा पक्कड, तीन एलन की, हवा मोजायचं गेज. चेन घासायला दात घासायचा जुना ब्रश आणि चेनला द्यायला तेलाची बाटली. स्टीलची एक ताटली आहे, ती काढलेले स्क्रू ठेवायला. जमिनीवर ठेवलेला स्क्रू आपला नसतो. धुतलेल्या धोतराची फडकी भरपूर.

स्क्रू पाना मुद्दाम ठेवलेला नाही. तो सगळ्या नटांना बसतो असं वाटतं आणि सगळे नट गोल करतो. हातोडीही नाही. हातोडी जवळ असली की माणूस विचार करायच्या आधी ती उचलतो.

लग्नानंतर पाठराखीण म्हणून गेलेली माझी बहीण परतली ती ही पेटी घेऊन. "व्याही म्हणाले, चुकून आमच्या सामानात आली." तेव्हापासून पेटी माझ्याकडे आहे. दर खंडेनवमीला तिला तेल आणि झेंडूचं फूल मिळतं.

ही पेटी, आहे तशी, मी निकिताला देतो.

कलम ६. माझी मोटारसायकल, चालू स्थितीत, तीही निकिताला देतो. कारण लिहून ठेवतो. निकिताला चांदवडच्या एका शाळेत शिक्षिकेची नोकरी लागली आहे. सासर लासलगावला. एसटीच्या वेळा आणि शाळेच्या वेळा जुळत नाहीत. सासऱ्यांचं म्हणणं पडलं, घरची सून मोटारसायकलवर दिसायला नको, एसटी जमत नसेल तर नोकरी राहू दे. जावई समर्थ भला आहे, पण वडिलांपुढे त्याचं इंजिन बंद पडतं. ही नोकरी निकिताने स्वतः मिळवली आहे, परत मिळेल याची खात्री नाही. जिवंत बापाने दिलेली वस्तू व्याह्यांना परत पाठवता येते. मेलेल्याची पाठवायची तर पत्ता कोणता घालणार? म्हणून हे मृत्युपत्रात घातलं. उशीर होईल हे मला कळतं, पण दुसरा रस्ता दिसला नाही.

कलम ७. लग्नाच्या दिवशी मांडवामागे, जनरेटरजवळ, माझे व्याही श्री. सावळीराम दरेकर, कांद्याचे व्यापारी, लासलगाव, कोणाला तरी म्हणाले, "गॅरेजवाल्याची पोरगी. दुसरं काय घेऊन येणार, पानेच." जनरेटरचा एक वॉल्व्ह वाजत होता, तरी मला ते स्वच्छ ऐकू आलं. राग धरलेला नाही. ऐकलं होतं एवढीच नोंद असावी.

कलम ८. डोळे दान करावेत. कान कोणाला चालत असतील तर तेही. दहाव्याला लांबलचक भाषणं नकोत. ज्यांना बोलायचं आहे त्यांनी आत्ता घरी यावं, चहा मिळेल.

सह्यांआधीची नोंद, माझ्याच हातची.

साक्षीला दोन माणसं लागतात. एक आमच्या गल्लीतल्या वकील शुभांगी आहेर. दुसरे मी मुद्दाम लासलगावहून व्याह्यांना बोलावलं. वकीलबाई म्हणाल्या, "काका, साक्षीदाराला मजकूर माहीत असायची गरज नसते. तुम्ही सही करताना बघितलं की झालं." मी म्हणालो, माझा आवाज चांगला आहे, वाचूनच दाखवतो.

कलम पाचला व्याह्यांनी कप खाली ठेवला. सहाला मान खाली घातली. सात झाल्यावर म्हणाले, "तुमी ऐकलं व्हतं?"

"ऐकलं होतं."

"आन् तरी सहा वर्षं माझ्या घरी जेवायला येत व्हते?"

"विहीणबाईंच्या हाताला चव आहे."

उज्वला म्हणाली, "यांना सगळं ऐकू येतं. उत्तर द्यायचं तेवढं राहून जातं."

व्याह्यांनी कप बाजूला सारला. मग म्हणाले, "आना बरं ती पेटी." मी आणली. त्यांनी कडी काढली, फडकं बाजूला केलं, मोठा पाना उचलून वजन बघितलं. कांदा बघतात तसंच, हाताने.

"हा कशाचा?"

"मागच्या चाकाचा. चेन ताणायची तर आधी हा नट सैल करायचा."

"सूनबाईला येतं हे?"

"लग्नाआधी यायचं. आता तुम्हीच विचारा."

त्यांनी खरोखर फोन लावला, स्पीकरवर. "सूनबाई, तुझ्या वडलांनी मृत्युपत्र केलंय."

"नाना, काय झालं अण्णांना?" निकिताचा आवाज घाबरा झाला.

"काय नाय झालं. समोर बसून चहा पिऊ राहिले. तीच तर अडचण हाय. ते म्हणतात मी मेल्यावर पोरीला गाडी द्या. मला तर हे लवकर जातील असं काय दिसत नाय, आन् शाळा पंधरा दिवसांवर आली. तू असं कर, समर्थला घेऊन ये आन् गाडी घेऊन जा. पेटी मी आणतो."

तिच्या मागे समर्थ काहीतरी विचारत होता, तिने त्याला थांबवलं. मग म्हणाली, "नाना, मी चालवत येईन. बाजार समितीपुढून. यांच्या आत्याबाई बोलतील."

"बोलू दे. मला बोलतील. मी ऐकून घेईन."

वकीलबाई हसल्या नाहीत, त्यांनी पेन उघडलं. "काका, मग पाच आणि सहा काढावी लागतील. जे आज दिलं ते मृत्युपत्रात कसं राहील?" त्याप्रमाणे ती दोन कलमं एक रेघ मारून रद्द केली आहेत, मजकूर वाचता यावा अशी. समासात माझी छोटी सही आहे.

मी व्याह्यांना विचारलं, सातवंही खोडू का?

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "बोललो ते बोललो. त्याच्या खालीच सही करतो."

वरील मजकूर मी मोठ्याने वाचला, तो माझाच आहे, आणि दोघा साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत खाली सही केली आहे. त्यांनीही माझ्यासमोर केली आहे.

मृत्युपत्र करणार: वाल्मीक कारभारी गांगुर्डे (सही)

साक्षीदार १: ॲड. शुभांगी आहेर, सावतानगर, नाशिक (सही)

साक्षीदार २: सावळीराम दरेकर, लासलगाव, ता. निफाड (सही). कलम ७ वाचलं. खरं आहे.

ठिकाण: नाशिक
दिनांक: १ जून २०२५