आचेवर वाळवू नये

पारनेर,
६ जानेवारी २०२५

चि. दिशास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. पण आरंभी नुसतं 'सा. न. वि.'! दुसरा 'वि' कुठे गेला? साष्टांग नमस्कार झाला, विनंती झाली, 'विशेष' मात्र पुण्यातच ठेवून घेतलंस. संस्कृत शिकवून पोट भरणाऱ्या काकाशी इतकी काटकसर बरी नव्हे.

असो. कुकडी नदीच्या दरडीतली पांढरी राख खणून आणली. तुझं पत्र वहिनीला, म्हणजे तुझ्या मातोश्रींना, मोठ्यानं वाचून दाखवलं: ही प्राचीन ज्वालामुखीची राख, तिच्या काचेच्या कणांत युरेनियमचे अणू फुटून रेघा उमटतात, त्या मोजल्या की वय कळतं, आणि वय नीट निघालं तर तुला तीन वर्षं ऑस्ट्रेलियाला बोलावतील. नमुना आचेवर वाळवू नये, उष्णतेनं रेघा बुजतात, हे वाक्य तिनं पुन्हा वाचायला लावलं. वाळवायचं कामही मागून घेतलं. एवढा शास्त्राभिमान तिच्यात कधी आला, कोण जाणे.

लोभ आहे, उलटटपाली दोन्ही 'वि' पाठव.

तुझा आदिनाथकाका


पुणे,
४ फेब्रुवारी २०२५

ती. काकांस सा. न. वि. वि. वि. (शेवटचा व्याजाचा.)

काका, काहीतरी गोलमाल आहे. तुम्ही पाठवलेल्या राखेचे कण आम्लात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तर रेघच नाही. इतकी जुनी राख, आणि कालच जन्मल्यासारखी कोरी! सरांचं म्हणणं, कुणीतरी ती भाजली आहे. माझ्या जागेवर डोळा ठेवून असलेला एक सहकारी आहे, आधी त्याचाच संशय आला. पण पुडी माझ्या कपाटात कुलपात होती. म्हणजे आग तिकडचीच.

महिनाअखेर नवा नमुना आला नाही तर माझी जागा दुसऱ्याला जाईल. आईला सांगू नका, उगाच घोर लावून घेईल. लोभ आहेच, थोडा तपासही करावा.

तुमची दिशा


पारनेर,
११ फेब्रुवारी २०२५

चि. दिशास अनेक आशीर्वाद.

तपास केला. प्रथम कुरियरवाल्या मच्छिंद्रला धरलं, की बाबा, पुडी सायलेन्सरपाशी बांधली होतीस का? तो लई चिडला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे पुडी डिकीत हुती, आणि तिला आधीपासूनच भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास येत हुता.

मग वहिनीची शेंगदाणे भाजायची कढई पाहिली. तळाशी पांढरी कचकच. विचारलं, तर वर न बघताच म्हणाली की लई घासलं की असंच हुतं. मीमांसकांनी 'करावे' हा विधी आणि 'करू नये' हा निषेध यांत केवढा फरक केला आहे! आपल्या घरात तुझा निषेध सरळ पाककृती ठरला.

रागावू नकोस. पत्र वाचलं त्याच दिवशी तिनं मला विचारलं होतं, रेघा बुजल्या तर पोरीचं जाणं ऱ्हाईल व्हय? मी थट्टेवारी हो म्हणून गेलो. दादा गेल्यापासून तिला हाक मारायला तूच एक आहेस, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

नवी राख शाळेत, सावलीत वाळवली. सोबत पाठवतो आहे. तसं तिला सांगितलंही. पुडीला दोरा तिनंच बांधला.

आता संशय घ्यायचाच तर माझाही घे. पुडी तयार होती, मच्छिंद्र काल दारावरून गेला, आणि मी त्याला हाक मारली नाही. आज मारीन.

लोभ लांबूनही असू दे. तू परत येणार नाहीस, अशी मला भीती वाटते.

आदिनाथकाका