अंगाऱ्याची डबी

२२ एप्रिल २०२१

काल हे पडले! रामनवमीचं पानक वाटून झालं, माणसं आपापल्या घरी गेली, आणि हे सांडलेलं गुळाचं पाणी पुसायला वाकले. मी नको नको म्हणत होते. माझं ऐकलंय कधी? न्हाणीच्या उंबऱ्यावर पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं. वय चौऱ्याहत्तर.

रमण मला बोलला. "अम्मा, तीस माणसं बोलवूं नको म्हटलों होतों. दिवस कसले आहेत?" मी म्हटलं, माणसांनी पाडलं का तुझ्या बाबांना? इस्पितळाचे कागद भरायला निघून गेला. मुलगा बँकेत अधिकारी असला तरी आईपुढे मुलगाच.

अॅडमिट करण्याआधी ह्यांची कोरोनाची तपासणी झाली. निगेटिव्ह. चला, एक तरी बरं.

२४ एप्रिल

ऑपरेशन नीट झालं. देवा!!

सहा खाटांची खोली आहे. सगळे हाडं मोडलेले नाहीतर चिरफाड झालेले. शेजारच्या खाटेवर वैद्यनाथ म्हणून आहेत, तिरुवैयारूकडचे, राइस मिलमध्ये फोरमन होते. पायाच्या जखमेचं ऑपरेशन झालंय. पेपर मोठ्यानं वाचतात. ह्यांचा चष्मा घरी राहिला, म्हणून ते वाचतात आणि हे ऐकतात. दोन दिवसांत मेव्हणे झाल्यासारखे भांडतायत.

अंबा नावाची आया आहे. कंत्राटी. बेडपॅन देताना सुद्धा हसते. ह्यांना लाज वाटते तर म्हणाली, "अप्पा, माझ्या बापाचं पण मीच केलं."

ही वही पिशवीत घेऊनच आले आहे. ठेवली तरी चालते कुठेही. माझ्या वडिलांनी ही मोडी लिपी मला शिकवली आणि मी पुढे कोणाला शिकवली नाही. इथं तमिळ मुलखातही आमच्या घरात मराठी बोलतात सगळे, पण हे अक्षर वाचणारी मी एकटीच. कुलूप लागत नाही!

२६ एप्रिल

आजपासून देवळं बंद. मग अंगारा कुठून आणायचा? घरच्या देव्हाऱ्यातली चांदीची डबी आणली. आमच्या कुलदैवताचा अंगारा, सासूबाईंच्या वेळेपासून त्यात भर पडत आलीय, डबी कधी रिकामी झाली नाही.

अंगारा नुसता फासायचा नसतो. चिमूट घ्यायची, देवाचं नाव घ्यायचं, कपाळाला लावायचा आणि बोटांवर उरलेला टाळूवर फुंकायचा. आमच्याकडची रीत आहे. फुंकर घातल्याशिवाय गुण नाही, असं सासूबाई म्हणायच्या. मास्कमधून फुंकर कशी निघणार? खाली ओढला.

ह्यांना लावून वळले तर वैद्यनाथ डोकं पुढे करून बसलेले. एकाला लावून पाच जणांना कोरडं कसं ठेवायचं? सहाही जणांना लावला, सहाही जणांवर फुंकला. अंबा बेडपॅन खाली ठेवून धावत आली. "अम्मा, एनक्कुम!" मला पण. तिलाही लावला.

सगळे हसत होते. फार बरं वाटलं.

२७ एप्रिल

घरी येऊन अंघोळ केली, जेवले. दिव्यश्रीच्या डाळ-चिंचेच्या आंबटीला हिंगाचा वासच नाही. दुकानदारानं मैदा मिसळून दिलाय, मी म्हटलं. ती म्हणते, "अत्तै, अख्खं घर घमघमतंय की!" सून आहे, वाद घालणारच. उद्या दुकान बदलायचं.

स्टुलावर बसून बसून अंग मोडून आलंय. परत जायचंय. वैद्यनाथांनी सांगून ठेवलंय, अंगारा विसरू नका.

३० एप्रिल

ह्यांना आज वॉकर धरून चार पावलं चालवलं. मला म्हणाले, "काय गे राजम, लग्नात सप्तपदीला तरी एवढा वेळ लागला होता का?" जीभ चालू म्हणजे माणूस बरा.

अंगारा रोजच्यासारखा झाला. वैद्यनाथ म्हणाले, "अजून एकदा फुंका अम्मा, उद्या टाके काढणार आहेत." फुंकला दोनदा.

२ मे

अंबा खोकते आहे. कालपासून. तोंडावर मास्क आहे, पण खोकते!! मी नर्सला सांगितलं. नर्स म्हणाली, माणसं कमी आहेत अम्मा.

ह्यांचं अंग दुपारी तापलं. टाक्यांमुळे असेल.

३ मे

वैद्यनाथांना ताप. कोपऱ्यातल्या दोघांना ताप. सगळ्यांचे स्वॅब नेले.

४ मे

सहापैकी पाच पॉझिटिव्ह.

हे सुद्धा. पॉझिटिव्ह! अक्षर बघा कसं आलंय. हाड जोडायला आणलेला माणूस! निगेटिव्ह कागद घेऊन आत गेला होता. इथं आल्यावर झालं. इस्पितळात! मग माणसानं जायचं तरी कुठं?

अर्ध्या तासात हलवलं कोरोनाच्या इमारतीत. मला जाऊ दिलं नाही. व्हीलचेअरवरून हे मागं वळून बघत होते. घरून आणलेला चष्मा माझ्याच हातात राहिला.

अंबाची तपासणी पण पॉझिटिव्ह आली. मी मोठ्या डॉक्टरांसमोर सगळ्यांदेखत सांगितलं, हिनंच आणला. दोन दिवस खोकत होती. एकतीस वर्षं गणित शिकवलंय मी. उत्तर सरळ आहे. अंबा भिंतीला टेकून उभी होती. एवढंच म्हणाली, "मी कुणाच्या जवळ तोंड नेलं नाही अम्मा."

तिला कामावरून काढलं.

५ मे

मलाही! त्या खोलीनं मलाही सोडलं नाही. घरी वरच्या खोलीत कोंडून घेतलंय. ताप नाही. फोनवरच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, वास येतो का? कापूर पेटवून बघितला. काही नाही. कधीपासून? मी म्हटलं, एक-दोन दिवस झाले असतील.

रमण आणि दिव्यश्रीला गेल्या वर्षीच होऊन गेलाय, म्हणून त्यांची काळजी कमी. ताट दाराबाहेर ठेवून जातात.

७ मे

ह्यांना ऑक्सिजन लावला. रमणला काचेतून सुद्धा बघू दिलं नाही.

९ मे

वैद्यनाथ गेले.

टाके सुकले होते त्यांचे! घरी जायचे होते! त्यांच्या मुलीचा फोन आला, रडत नव्हती, नुसती विचारत होती, "अम्मा, पायाच्या जखमेनं माणूस असा कसा जातो?" म्हटलं, आपण इस्पितळवाल्यांना सोडायचं नाही. त्या बाईला तर नाहीच.

१४ मे

ऑक्सिजन कमी केला म्हणतात. फोन कानाला लावून दिला कोणीतरी. ह्यांचा आवाज ओळखू येईना. "जेवलीस?" एवढंच विचारलं. मी भोकाड पसरलं. चांगली मोठी बाई, पण पसरलं.

२० मे

हे घरी आले! अर्धे झालेत. वॉकर धरून उंबऱ्याशी थांबले आणि म्हणाले, "पानक सांडलेलं नाही ना गे?" दिव्यश्री हसता हसता रडायला लागली.

वैद्यनाथ गेल्याचं अजून सांगितलेलं नाही. दोनदा विचारलं त्यांनी.

संध्याकाळी अंगारा लावायला डबी काढली. हे म्हणाले, "वैद्यनाथांना पण असाच आवडायचा. डोळे मिटून घ्यायचे." मी डबी परत ठेवली. का ते कळलं नाही.

२३ मे

वैद्यनाथांची मुलगी आणि रमण मिळून कलेक्टरांकडे तक्रार देणार आहेत. आयाचं नाव घालायचं ठरलं. ती पुन्हा कुठल्याच इस्पितळात लागता कामा नये, असं मीच म्हटलं. रमणला तारखा हव्या आहेत — कोणाला कधी ताप आला, ती कधीपासून खोकत होती. म्हणतो, "तुझ्या वहीत असेल की अम्मा." असेलच. माझ्या वहीत सगळं असतं.

२४ मे

तारखा काढायला बसले.

२६ एप्रिल, मास्क खाली ओढला. २७ एप्रिल, हिंगाला वास नाही, अंग मोडून आलंय. ३० एप्रिल, फुंकला दोनदा. अंबाचा खोकला १ मेचा.

पुन्हा वाचलं. पुन्हा वाचलं. तारखा त्याच आहेत, अक्षर माझंच आहे. हिंग चांगला होता. तीसच्या तीस माणसं मी बोलावली होती.

रमण कागद-पेन घेऊन समोर येऊन बसलाय. "मिळालं का अम्मा?" वही उघडीच आहे, त्याच्या नाकासमोर. त्याला त्यातलं एक अक्षर लागत नाही. मी सांगेन तेच तो लिहून घेणार.

म्हटलं, "मिळालं. बाबांना पण बोलव. २६ एप्रिलपासून सगळं वाचून दाखवते."

हे वॉकर धरून येतायत. आवाज ऐकू येतोय.